फुली नसलेली चौकट

पतसंस्थेचे अध्यक्ष खर्डेकर यांना स्वतःपलीकडे काही दिसतच नसे. निवडणूक जवळ आली तसं त्यांनी फर्मान सोडलं. संस्थेची वेबसाइट उघडली की आधी त्यांचा फोटो असलेली चौकट समोर यायला हवी. फोटोभोवती झेंडूची माळ, मागचं सगळं काळं, आणि चौकट बंद करायची फुली अजिबात नको!

"साहेब, फुली नसेल तर लोकांना पुढे जाता येणार नाही," वेबसाइट सांभाळणारी शर्वाणी म्हणाली.

"मग बघत बसतील मला! सांगितलं तेवढं करा, नाहीतर दुसरी नोकरी बघा."

शर्वाणीने सांगितलं तेवढंच केलं आणि संचालकांच्या बैठकीत ते मोठ्या पडद्यावर लावलं. पेंगत बसलेले ज्येष्ठ संचालक इनामदार दचकून जागे झाले. त्यांनी पडदा पाहिला आणि हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. त्यांचं बघून आणखी दोघे उठले.

"अहो, मी इथे बसलोय!" खर्डेकर कडाडले. "बाई, हा काय प्रकार आहे?"

"तुम्ही सांगितलात तोच, साहेब," शर्वाणी नम्रपणे म्हणाली. "आता एवढंच ठरवा. कोपऱ्यात फुली घालू, की फोटोखाली तारीख?"