मैनेची तीन वाक्ये

एका राज्यात पेटीत पेटी ठेवायची रीत होती, आणि त्या पेटीतही आणखी पेट्या. राजभांडार अशा पेट्यांनी खच्चून भरलेले. एका कपटी मांत्रिकाने त्यांत तीन काळे मणी लपवले आणि राजा रत्नशेखर पायांपासून दगड होऊ लागला. मणी असेल तिथे पांढरा मोती ठेवला, तरच शाप सुटणार होता.

सेनापतीने अक्कल पाजळली. साऱ्या पेट्या एकदम उघडून त्याने अंगणात ओतल्या आणि उघड्याच टाकल्या. कुठली कुठल्या पोटातली, कोणाला कळेना. सूर्य मावळताच पेट्या आपसूक जागी गेल्या, पण राजा कमरेपर्यंत दगड झाला.

राणी इंदुप्रभा रडू लागली. तिची एक मैना होती. जन्मात तीनच वाक्ये बोलता येणार म्हणून ती आजवर गप्प होती. ती म्हणाली, "राणीसाहेब, एक पेटी उघडा, आत मणी दिसला तर बदला आणि पेटी दिसली तर तिच्याशीही हेच करा."

राणीने तसे केले. पहिला मणी सापडला. पुढे मात्र एक पेटी रिकामी निघाली आणि तिचा धीरच सुटला.

मैना म्हणाली, "रिकामी पेटी मिटा आणि बाहेरच्या पेटीत जे पाहायचे उरले आहे, ते पाहा."

तिथेच दुसरा मणी होता. तिसरा अगदी आतल्या पेटीत सापडला. राणीने मोती ठेवला, तोच दासी ओरडली, "महाराजांचा गळा दगड झाला!" राणी धावत सुटली.

मैनेचे एकच वाक्य उरले होते, आणि ते तिने घरट्यातल्या अंड्यांतून येणाऱ्या पिलांसाठी राखले होते. तरी ती बोलली, "राणीसाहेब, आधी आतली पेटी मिटा, मग तिच्या बाहेरची, कारण शेवटचे झाकण लागल्याशिवाय महाराज सुटणार नाहीत."

राणी माघारी फिरली. तिने आतून बाहेर एकेक पेटी मिटली. शेवटचे झाकण लागले आणि राजा आपल्या पायांनी चालत भांडारात आला.

"देवी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे नव्हेत, महाराज. हिचे."

राजाने मैनेपुढे हात जोडले. तिची तिन्ही वाक्ये संपली होती, तिने नुसती मान लववली.

भांडार पूर्ववत झाले, राज्य सुखी झाले. अंड्यांतून पिले बाहेर आली, तेव्हा राणी स्वतः घरट्यापाशी गेली आणि मैनेच्या वतीने म्हणाली, "बाळांनो, ही तुमची आई."