हेक्टरदादाची खुर्ची

ही खुर्ची बघा, पण कृपा करून तिच्यात बसू नका. कोल्हापूरहून इतक्या लांब आलात, पाय दुखत असतील, तर तिकडे बाकावर टेका. ग्लेनहार्नच्या या लहानशा मैदानावर ऐंशी-नव्वद वर्षांत या खुर्चीत कुणी बसलेलं नाही. सामना सुरू होताना ती इथे, रस्त्याच्या बाजूच्या रेषेलगत असते. मध्यंतर झालं की दोघं जण तिचे दांडे धरतात आणि मैदान ओलांडून तिला पलीकडे ओढ्याच्या बाजूला नेऊन ठेवतात. रिकामी खुर्ची, अगदी पालखीसारखी. पाहुण्यांना हसू येतं. चाळीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी स्कॉटलंडला आलो तेव्हा मलाही आलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या बेअर्डआजीने मला चारचौघांत झापलं, आणि मग घरी नेऊन चहा पाजत ही गोष्ट सांगितली.

पहिल्या महायुद्धानंतर इथे कोळशाची मोठी खाण होती. रेनी घरातले दोघे भाऊ तिथे कामाला होते. थोरला हेक्टर, धाकटा ड्युगल. इथे थोरल्या भावाला दादा म्हणत नाहीत, नुसतं नाव घेतात. माझ्या तोंडात मात्र हेक्टरदादाच बसलंय. फुटबॉल दोघेही खेळत, आणि दोघांत सरस थोरलाच होता, असं सांगतात.

एके दिवशी ड्युगलला गावच्या क्लबने निवडीसाठी बोलावलं. नेमकी त्याच वेळी खाणीत त्याची पाळी होती. "तू जा, तुझ्या जागी मी उतरतो," हेक्टरदादा म्हणाला. त्या पाळीत खाणीत स्फोट झाला आणि छत खाली आलं. हेक्टरदादाचा जीव वाचला, पण दोन्ही डोळे गेले आणि पाय कायमचे लुळे पडले.

ड्युगलची निवड झाली होती. ती बातमी घेऊन तो घराकडे पळत निघाला आणि पोचला दवाखान्यात. बूट काढून त्याने भावाच्या पायांशी ठेवले, म्हणे, आणि म्हणाला, "मी आता खेळणार नाही. तुझे डोळे माझ्यामुळे गेले."

"खेळ की," हेक्टरदादा म्हणाला. "आणि मला दाखव."

ड्युगलने तिथेच शब्द दिला, की माझ्या पायात चेंडू आला की तो तुला दिसेल.

खाणीतल्या मित्रांनी स्वयंपाकघरातल्या खुर्चीला दोन दांडे ठोकले आणि हेक्टरदादाला रेषेवर आणून बसवलं. ड्युगल डावा विंगर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेने चेंडू नेणारा. पहिल्या अर्ध्या वेळात तो रस्त्याच्या कडेने धावायचा. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा तो पलीकडे ओढ्याच्या कडेला जायचा. मग खुर्चीही मागोमाग निघायची, हेक्टरदादासकट. आणि धावता धावता ड्युगल मोठ्याने सांगायचा, "बाहेरून जातोय, हेक्टर!" "आता आत वळतोय!"

आता समोरच्या बचावपटूला काय कान नव्हते? तोही ऐकायचा आणि वाट अडवून उभा राहायचा. ड्युगल तरीही सांगितलेल्या बाजूनेच निसटायचा. क्लबचा प्रशिक्षक हात जोडायचा, की बाबा रे, एकदा तरी उलटं बोल. ड्युगल म्हणायचा, "कसं बोलू? हेक्टर त्यावरच बघतो."

अशा पोराला गाव कुठवर पुरणार? शहरातल्या बड्या क्लबने त्याला नेलं. पुढे देशाची निळी जर्सी अंगावर आली. लाख माणसं बघायला यायची. मोठ्या मैदानांवर रेषेशी खुर्ची ठेवू देत नसत. त्याने विनवण्या केल्या, पण अधिकारी बधले नाहीत. तरी हा तिथेही बोलतच धावायचा, जिथे ऐकणारं कुणी नव्हतं तिथे. पेपरवाले त्याची टर उडवायचे आणि गोल झाला की डोक्यावर घ्यायचे. रविवारी तो घरी येऊन भावाला अख्खा सामना ऐकवायचा. हेक्टरदादाचं आपलं ठरलेलं, "तिथे आत वळायला हवं होतंस." साऱ्या देशाचा लाडका हा, पण घरी बोलणी खायचा आणि खुशीत परत जायचा. मला तर गोष्टीतला हाच भाग फार आवडतो.

दहा-बारा वर्षांनी गुडघ्याने दगा दिला. ड्युगल परत आपल्या गावच्या क्लबात आला, खुर्ची परत रेषेवर आली. दोन वर्षं अशी सुखात गेली. मग एका हिवाळ्यात छातीचं दुखणं होऊन हेक्टरदादा गेला.

पुढच्याच शनिवारी इथे सामना होता. खुर्ची कुणीतरी सवयीने आणून ठेवली होती. पहिल्या अर्ध्या वेळात ड्युगलने तोंड उघडलं नाही. पायातला प्रत्येक चेंडू गेला. मध्यंतराला तो आत गेलाच नाही, रेषेवर मान खाली घालून बसून राहिला. आणि त्याच वेळी टॅम आणि त्याचा जोडीदार, जे वर्षानुवर्षं खुर्ची उचलत आले होते, नेहमीसारखे आले, दांडे धरले आणि निघाले. मैदानाच्या मध्यावर आल्यावर टॅमला जाणवलं, की हाताला खुर्ची हलकी लागतेय. तो जागीच थांबला. सगळं गाव बघत होतं. त्या बिचाऱ्याला ना पुढे जाववेना, ना मागे फिरवेना.

ड्युगल उठला. "थांबू नकोस, टॅम," तो म्हणाला. "सांभाळून ने."

खुर्ची ओढ्याकडे पोचली. खेळ सुरू झाला आणि पहिला चेंडू पायात येताच ड्युगलचा आवाज आला, "बाहेरून जातोय, हेक्टर!" बचावपटूने ऐकलं, तो बाहेरची वाट अडवून उभा राहिला, आणि ड्युगल बाहेरूनच गेला. पुढे गोल झाला का, यावर गावात आजवर एकमत नाही. बेअर्डआजी म्हणायची, झाला म्हणजे झाला.

आजही इथला डावा विंगर, मग ती शाळेतली मुलगी का असेना, पहिला चेंडू मिळाला की कुठून जाणार ते ओरडून सांगते. आणि आजही मध्यंतराला खुर्ची पलीकडे जाते. टॅम धरायचा ती दांड्यांची मागची बाजू अकरा वर्षं माझ्याकडे आहे, पुढची बेअर्डआजीच्या नातीकडे. मैदानाच्या मध्यावर जमीन जरा खचली आहे. तिथे आलो की ती मागे न बघता म्हणते, "सांभाळून." आणि हिसका बसू नये म्हणून मी खुर्ची थोडी वर उचलून धरतो.