सरणाचे झाड

"वीस वर्षांच्या ओल्या झाडावर माणूस जळतो का?"

कंदर साप चावून मेला त्या सकाळी त्याच्या धाकट्या भावाने, उपलने, साऱ्या वस्तीला हे विचारले.

सह्यगिरीवर अरिमर्दन राजा राज्य करीत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व लाकूडतोड्यांच्या एका वस्तीचे मुखिया होते. मूल जन्मले की त्याच्या नावाने झाड लावायचे आणि तो माणूस मेला की त्याच झाडाचे सरण रचायचे, अशी तिथली रीत. वस्तीचा झरा देवराईच्या मुळांतून वाहायचा, म्हणून राईला कोणी हात लावत नसे. पण एखादा तरुणही मरेल, हे रीत घालून देणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते. कंदरचे झाड जेमतेम मांडीएवढे जाड होते.

उपल कुऱ्हाड घेऊन तडक राईत शिरला. झऱ्यावरच्या अर्ध्या वाळलेल्या ऐनाच्या झाडावर त्याने घाव घातला, तशा बायका घागरी टाकून धावल्या.

"मेल्या, झरा आटवशील!" चंपाकाकू ओरडली. "पलीकडच्या वाडीनं राई तोडली, आता दोन कोसांवरून पाणी वाहतात."

"आटू दे! माझा दादा अर्धवट जळेल, तेव्हा तू घागरी भरत बस."

त्याने दुसरा घाव घातला. एवढ्यात मुखिया काठी टेकत आले. आता उपदेश ऐकावा लागणार, असे उपलला वाटले.

"कुऱ्हाडीला धार आहे ना?" त्यांनी विचारले.

"आहे."

"मग माझ्या दारी चल."

दारात त्यांचा बहात्तर वर्षांचा खैर होता. म्हातारपणी सगळेच करीत तसे त्यांनी बुंध्याची साल गोल काढून तो उभाच वाळवला होता. उपलचे पाय जागीच चुळबुळू लागले.

"आजोबा, हे तुमचं आहे."

"म्हणूनच देता येतं. तो ऐन ना तुझा, ना माझा."

"आणि तुमचं कसं व्हायचं?"

"मला कंदरचं झाड ठेव. मी वाळलेलाच आहे, थोडक्यात जळेन."

चंपाकाकूला रडता रडता हसू फुटले. उपलला हसता आले नाही.

एवढे सांगून शास्ता, भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, भाऊ गेल्यापासून विहारात येरझारा घालणारा हा तरुण तेव्हा उपल होता. रोज तिच्या दारी आपल्याला भिक्षा वाढणारी वृद्धा ही चंपाकाकू, आणि मुखिया मीच. आपले देऊन सर्वांचे राखावे, ही दानपारमिता, दानाची परिसीमा."

जिवंतपणी दिलेल्या झाडावर पहिला घाव धन्यानेच घालायचा असतो. म्हणून त्या सकाळी म्हाताऱ्या मुखियांनी काठी भिंतीला टेकवली आणि उपलच्या हातून कुऱ्हाड घेतली.