चाकाच्या मानाची माळ

यंत्रं एकमेकांशी गप्पा मारत त्या काळात तुळशीराम कुंभाराचं चाक मोटरवर गरगरत असे. मोटरच्या बोर्डावर चिमुकला रेग्युलेटर होता. आलेल्या दांडग्या विजेतून तो बारक्या दिव्या-बटणांना सोसेल एवढीच वीज पुढे देई.

खंडेनवमीला तुळशीरामने चाकाची पूजा केली आणि मानाची म्हणून दिव्यांची माळ बोर्डालाच जोडली. चाक खुशीत! पण रेग्युलेटर तव्यासारखा तापू लागला. फार तापला की तो वीज तोडी, चाक थांबे आणि अर्धवट माठ फसकन बसे.

"कच्चा आहेस तू! तुला काढूनच टाकायला हवं!" चाक खेकसलं.

रेग्युलेटर रडकुंडीला आला. "खुशाल काढा. पण आधी एकेकाने माझा हात सोडून बघा, ओझं कुणाचं आहे ते!"

बटणातल्या दिव्याने हात सोडला. ताप तसाच. आकडे दाखवणाऱ्या पट्टीने सोडला. तरीही तसाच! उरली माळ.

"तिला हात लावायचा नाही! तो माझा मान आहे!" चाक गरजलं.

इतक्यात तापलेल्या रेग्युलेटरने पुन्हा वीज तोडली आणि चाकावरचा ओला माठ डगमगला. "चाकदादा, पडलो मी! धरा!"

चाक कळवळलं. "सोड गं माळे, सोड!"

माळ विझली आणि रेग्युलेटर गार पडू लागला! चाक भन्नाट सुटलं, माठ सरसर वर चढला. असा डौलदार माठ उतरला की बघायला अख्खी आळी लोटली. "वा रे चाक!" जो तो म्हणू लागला.

चाकाचं तिकडे लक्षच नव्हतं. ते रेग्युलेटरला हळूच विचारत होतं, "अजून भाजतंय का रे?"