पेवाच्या तोंडाशी उपकारस्तुती

सीना नदीच्या वरच्या अंगाला शिरवंडी नावाचं लहानसं गाव. प्रभूच्या लेकरांनो, एका दुष्काळाच्या साली शांतवनबाबा तिथे मुक्कामाला होते. अंगावर भगवी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस, हातात चिपळ्या. प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर त्यांचं बिऱ्हाड, आणि कोणी अर्धी भाकर दिली तरी तिच्यावर ते अशी उपकारस्तुती करत, की देणाऱ्यालाच लाजल्यासारखं व्हावं.

त्याच गावात रिबकाबाई नावाची विधवा दोन मुलींना घेऊन राहत होती. घरातलं धान्य केव्हाच संपलं होतं, तरोट्याचा पाला उकडून दिवस चालले होते. आता सगळी भिस्त एका पेवावर होती. नवऱ्याने मरण्याआधी ओढ्याकाठच्या पांढऱ्या मातीत खोल खड्डा घेऊन, कडबा अंथरून त्यात ज्वारी भरली होती आणि तोंड दगडमातीने लिंपलं होतं. पण मधे एकदा अवकाळी पाऊस झाला आणि ओढ्याचं पाणी त्या लिंपणावरून गेलं. तेव्हापासून बाईला ते उघडायचा धीर होत नव्हता. उघडलं नाही तोवर निदान आशा तरी होती!

शेवटी ती बाबांकडे गेली. बाबा म्हणाले, "उघड, पोरी. पण उघडलंस की आधी तोंडाशी बसून देवाचे उपकार मान. पुरतं भजन म्हण. मगच कोणाला खाली उतरव."

"आन् धान काळं पडलं असंल तर, बाबा? मग उपकार कशाचं मानू?"

"धान्य बघून मानलेस तर ते धान्याचे होतील. देवाचे आधी मान."

तिला ते पटलं असं नाही. पण बाबांचा शब्द मोडायची तिची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेवावर आली, तर शेजारचं पेव पौलसराव उघडत होते. पौलसराव म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे पंच, जमीनजुमला राखून असलेले, आणि ते विसरू न देणारे. रिबकाबाईने लिंपण फोडलं. आतून आंबूस वास आला. तरी ती तोंडाशी बसली आणि तिने भजन सुरू केलं. पौलसरावांना हसू आवरेना.

"रिबके, गाऊन ज्वारी पांढरी होती व्हय? तुझं भजन सरंस्तवर माझी पोती भरत्यात बघ."

पेव उघडलं की आतली कोंडलेली विषारी वाफ जाऊ द्यायची असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! पण बोलून बसले होते. त्यांनी आपल्या कर्त्या मुलाला, शमुवेलला, दोर धरायला देऊन लगेच खाली सोडलं. थोड्याच वेळात दोर सैल पडला. हाका मारल्या, उत्तर नाही. आरडाओरडा ऐकून लोक धावून आले. दिवा बांधून खाली सोडला तर तो निम्म्यातच विझला. जिथे दिवा जगत नाही तिथे माणूसही जगत नाही, हे सगळेच जाणून होते. पौलसराव उडीच टाकायला निघाले, लोकांनी त्यांना धरून ठेवलं.

रिबकाबाईचं भजन थांबलं. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी विझलेला दिवा लावून हातात घेतला आणि तिला म्हणाले, "तू थांबू नकोस."

"बाबा, लोकाचं पोरगं खाली पडलंय. आता कसलं उपकार?"

"ते अजून देवाच्या हातात आहे ना? त्याचे मान."

बाबा उतरले. रिबकाबाई गाऊ लागली. डोळ्यांपुढे आपल्या मुली दिसत होत्या, तरी ती गात राहिली. आणि काय सांगावं! पेवाच्या तळातून बाबांचा आवाज तिच्या आवाजात येऊन मिळाला. लोक वाकून पाहतात तो खाली दिवा शांतपणे जळतो आहे! पानही हलत नव्हतं, वारा कसला तो नव्हताच. बाबांनी शमुवेलला दोराला बांधलं, लोकांनी ओढून सावलीत निजवला. मागोमाग बाबा दिवा घेऊन वर आले, तेव्हाही तो पेटलेलाच होता. तोंडावर पाणी मारल्यावर पोराने मोठा श्वास घेतला आणि बापाला हाक मारली.

पौलसराव बाबांच्या पायांवर कोसळले. बाबांनी त्यांना उठवलं. "पाय माझे कशाला धरतोस? प्रभूचे उपकार मान. आणि त्या बाईचं भजन अर्धं राहिलंय."

पौलसरावांनी डोक्याचं पागोटं काढलं आणि ते रिबकाबाईच्या पेवाशी येऊन बसले. आत काय आहे ते अजून कोणीच पाहिलं नव्हतं. त्यांना धड शब्द येत नव्हते. ती सांगेल तसे ते मागून म्हणत गेले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भजन पुरं झालं. दिवा सोडून पाहिला, तो तळापर्यंत जळत गेला. मग पौलसराव स्वतः कमरेला दोर बांधून उतरले.

वरची वीतभर ज्वारी काळी पडली होती. रिबकाबाईने डोळे मिटून घेतले. खालून उकरल्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने पौलसराव वर आले ते पागोट्यात मोत्यासारखी पांढरी ज्वारी बांधूनच. ती त्यांनी तिच्या पदरात ओतली आणि साऱ्या गावादेखत तिच्यापुढे वाकले.

"रिबकाबाई," ते म्हणाले, "बाकीची काढायला मी उतरतो. तुम्ही तेवढं वर बसून म्हणत राहा."