दिवाळसणाची काठी

फार पूर्वी एका डोंगराच्या सपाट माथ्यावर एक गाव होतं, आणि त्या गावाला एकाच खेळाचं वेड होतं. काठीने चेंडू मारायचा, त्याच्यामागे चालत जायचं, पुन्हा मारायचा आणि शेवटी लांब कुरणापलीकडच्या एवढ्याशा खळग्यात तो घालायचा. आज शहरातली माणसं बूटमोजे घालून यालाच गोल्फ म्हणतात. त्या गावात अनवाणी खेळायचे.

घरोघरी ओसरीवर काठ्या टांगलेल्या असत. त्यात मुख्य जाती दोन. एकीचं तोंड लाकडाचं, जाड आणि रुंद. ती चेंडूला कशीही लागो, चेंडू आपला पुढेच जायचा. फार लांब नाही, पण वाकडाही नाही. गाव तिला गाय म्हणायचं. दुसरीचं तोंड लोखंडाचं, पात्यासारखं अरुंद. पात्याच्या बरोबर मध्यावर चेंडू बसला तर घारीसारखा जायचा. मध्य जरासा चुकला की आडवा सुटायचा, आणि कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसायचा. तिला नागीण म्हणत. खेळून खेळून हात बसलेल्यानेच नागीण धरायची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि एक रीत होती. पहिल्या दिवाळसणाला जावई आला की पाडव्याच्या सकाळी त्याने सासऱ्याच्या ओसरीवरून आपल्या मनाने एक काठी उचलायची आणि सगळ्या गावासमोर चेंडू मारायचा. बायकोने ओवाळणीचं ताट घेऊन त्याच्या समोर, जरा पुढच्या अंगाला उभं राहायचं. चेंडू उडाला की ओवाळायचं. मात्र कोणती काठी घ्यावी हे जावयाला कोणी सांगायचं नाही, कारण जावयाला शिकवणं म्हणजे त्याचा अपमान. ही रीत कोणी घातली कोण जाणे. घालणाऱ्याच्या घरात मुली नसाव्यात.

एका वर्षी पाटलांच्या गोजराचा नवरा दिवाळसणाला आला. सुभानराव त्याचं नाव. खालच्या मुलखातला पैलवान. त्याच्या गावात हा खेळ कोणी बघितलासुद्धा नव्हता. लग्न झाल्यापासून गोजराच त्याला शेताच्या कडेला शिकवत होती. जोर त्याच्यात बैलाचा होता, पण काठी कधी चेंडूच्या डोक्यावरून जायची, कधी मागे मातीत रुतायची.

पाडव्याच्या आदल्या दिवशी उटणं कालवता कालवता गोजराने विषय काढला. रीत मोडत होती, पण बाहेरच्या कुणाच्या कानावर जाणार नव्हतं.

"अहो, उद्या गाय घ्या," ती म्हणाली. "मी तुमचा हात बघितलाय. नागीण तुम्हाला अजून पेलायची नाही."

पेलायची नाही, हे त्याला झोंबलं. नागीण तर करंगळीवर उचलता येईल एवढी हलकी. "मी धडधाकट माणूस उचलून आपटतो," तो म्हणाला, "आणि मला काठी पेलायची नाही?"

"आपटायचं नाहीये. मध्यावर लागायला हवं. समोर मीच उभी असणार."

तो उठून बाहेर गेला. पण ऐकलं असावं, कारण सकाळी ओसरीवर त्याचा हात गायीवरच गेला होता. त्याच्याबरोबर तालमीतले मित्र आले होते. त्यातला एक मोठ्याने म्हणाला, "सुभान्या, गाय धरलीस तर धार काढायला बसवतील तुला." बाकीचे फिदीफिदी हसले.

त्याने गाय सोडली आणि नागीण उचलली.

ती घेऊन तो कुरणावर आला तशी तिथली कुजबुज थांबली. सासऱ्याची थोरली बहीण, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं, ती पुढे झाली. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पाटलांनी तिचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "आक्का, गप. जावई आहे." आक्का गप्प राहिली. तिथे उभा असलेला प्रत्येक जण जन्मभर तोच खेळ खेळलेला होता आणि प्रत्येकाला पुढे काय होणार ते दिसत होतं.

गोजरालाही दिसत होतं. ती बाजूला सरकू शकली असती. पण सरकली असती तर हिचा नवऱ्यावर भरवसा नाही, असं गावाने म्हटलं असतं. ती जागची हलली नाही. ताट तेवढं तिने छातीजवळ घट्ट धरलं.

सुभानरावाने अंगातला सगळा जोर लावला. टण्ण असा भलताच आवाज आला. बाभळीच्या गाठीचा तो चेंडू पात्याच्या कडेला लागून आडवा सुटला आणि गोजराच्या डोळ्यावर बसला.

ताट पडलं. निरांजन विझलं. कुंकू गवतावर सांडलं आणि त्यातलं कुंकू कुठलं अन् रक्त कुठलं, ते जवळ जाईपर्यंत कोणालाच कळेना. आणि जवळ जायलाही कोणी लवकर हललं नाही. सगळे थिजले होते. सुभानराव काठी हातात धरून तसाच उभा, जणू दुसऱ्याच कोणीतरी मारलं होतं.

वैद्य आले, पण डोळा गेला. फिदीफिदी हसणारे मित्र फराळालाही थांबले नाहीत.

पाटील नागीण चुलीत घालायला निघाले, तेव्हा खाटेवरून गोजरा म्हणाली, "आबा, काठी जागेवर ठेवा. तिने काय केलंय? सांगितलेलं ऐकलं नाही ते यांनी, आणि ठाऊक असून बोलला नाहीत ते तुम्ही."

पाटलांनी काठी परत टांगली.

सुभानराव तिच्या पायाशी बसून राहिला. मी काय करू ते सांग, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. तिने सांगितलं, गाय घ्या आणि शिका. त्याने गाय घेतली आणि तो सासऱ्याच्या गावातच राहिला. ज्या कुरणावर हे घडलं त्याच कुरणावर, त्याच माणसांच्या देखत, पोरांमध्ये उभा राहून तो गायीने खेळू लागला. लोक बघायचे. कोणी हसत नसे.

रीतही तशी उरली नाही. पाडव्याला ज्या घरी जावई आला असेल त्या ओसरीवर आक्का काठ्यांच्या खाली ठाण मांडून बसायची आणि नव्या जावयाला तोंडावर सांगायची, ही घे, ती ठेव. कोणाला राग आलाच तर म्हणायची, "आधी गोजराला भेटून ये. मग रागव."

वर्षं गेली. एका पाडव्याला गोजराने स्वतः नागीण काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. तो नको म्हणाला.

"घ्या," ती म्हणाली. "आता पेलेल."

आणि ताट घेऊन ती त्याच जागी जाऊन उभी राहिली. त्याच्या समोर, जरा पुढच्या अंगाला. या वेळी मात्र कोणी गप्प बसलं नाही. आक्का ओरडली, पाटील काठी टेकत धावत आले, सगळ्यांनी तिला मागे हो म्हणून सांगितलं. ती ढिम्म हलली नाही.

सुभानराव रडकुंडीला आला. "बाजूला हो, गोजरा. तुझ्या पाया पडतो."

"मी हात बघून सांगतेय," ती म्हणाली. "त्या दिवशीही बघूनच सांगितलं होतं."

मग त्याने ना गावाकडे बघितलं, ना तिच्याकडे. नुसतं चेंडूकडे बघितलं. जोर लावला नाही. काठी गेली आणि खुट असा बारीक, नेटका आवाज आला. चेंडू घारीसारखा कुरणावरून गेला.

गोजराच्या ताटातली ज्योत हललीसुद्धा नाही. ती पुढे आली, नवऱ्याला ओवाळलं. त्याला मान वर करता येईना, म्हणून हनुवटीला धरून तिनेच ती वर केली आणि कुंकू लावलं.

तात्पर्य: काठी आपला हात बघून उचलावी, हसणाऱ्यांची तोंडं बघून नाही, आणि ज्याला कळतं त्याने वेळेवर बोलावं, मग रीत गेली चुलीत.