बुरजाईची मोगरी

मोगरीवाल्याने वर बघायचं नाही. का नाही, ते विचारायचं नाही. आमच्या आसवाडीत पोरांना हा नेम मुळाक्षरांच्या आधी शिकवतात.

गावामागच्या खिंडीलगतच्या काळ्या कातळावर दोन चाकोऱ्या आहेत. वीतभर खोल, आणि एकमेकींपासून इतक्या लांब की मधून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील. माथ्यावरून निघून, तीन वळणं घेऊन त्या खिंडीच्या तोंडाशी येतात आणि तिथेच संपतात. चैत्र पौर्णिमेला याच चाकोऱ्यांतून बुरजाईचा लाकडी गाडा उतरवतात. दीडशे माणसं मागून दोर धरून त्याला आवरतात. वळवायचं काम मोगरीचं. मोगरी म्हणजे बाभळीची हातभर पाचर, चालत्या चाकाखाली सरकवायची. डाव्या चाकाखाली गेली की गाडा डावीकडे वळतो, उजव्या चाकाखाली गेली की उजवीकडे. हात काढायला उशीर झाला तर हात जातो.

गाडा उतरवण्याआधी माझे आजोबा, नथूआप्पा, पाहुण्यांना माथ्यावर बसवून बुरजाईची हकिगत सांगतात. मी ती त्यांच्या मांडीवर बसून ऐकली आहे. तेव्हा त्यांच्या धोतराला एरंडेलाचा वास यायचा, कारण आसाला तेल घालायचा मान त्यांचा होता. ते थांबले की मी म्हणायचे, "पुन्हा, चाकांपासून." पुढे मी इंजिनिअरिंगला गेले, यंत्रांची चित्रं काढायला शिकले, पण कोऱ्या कागदावर पहिलं चाक काढताना आजही कानात आप्पांचाच आवाज असतो.

असे सांगतात, की फार पूर्वी दरवर्षी सुगी झाली की खालच्या मुलखातून फौज चढून यायची आणि कणग्या रिकाम्या करून जायची. कोणत्या राजाची, ते कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा गावातल्या हिरोबा सुताराने पण केला की ही खिंड मिटेल असं दार करीन, नाहीतर वाकस-करवत हाती धरणार नाही. तीन वर्षं तो राबला. त्याने उभा केला एक चालता बुरूज. आठ भरीव चाकं, प्रत्येक चाक माणसाहून उंच, वरून लोखंडी पट्ट्याची धाव. चार मजले. तळाला पाण्याच्या पखाली, त्याच्यावर गोफणवाले, त्याच्यावर तिरंदाज आणि सगळ्यात वर नगारा. पुढच्या अंगाला रेड्यांची कच्ची कातडी ठोकलेली, ती पखालीच्या पाण्याने ओली ठेवायची. पेटते बाण त्यात रुतायचे आणि विझायचे. लोकांनी त्याचं नाव ठेवलं बुरजाई.

तिला ओढायला बैल नव्हते. बैल बाणाने पडले असते. हिरोबाने तिला फक्त उतरण्यासाठी घडवलं होतं, पुन्हा चढण्यासाठी नाही. आत बसणाऱ्या साठ जणांना हे माहीत होतं, म्हणे, आणि तरी बसायला तीनशे आले होते.

डाव असा होता. फौजेला निम्म्याहून जास्त खिंडीत शिरू द्यायचं. मग या कातळाच्या आडवाटेने बुरजाई सोडायची आणि तिसऱ्या वळणावर ती आडवी करून खिंडीचं तोंड मिटवायचं. चाकाशी वाकलेल्या माणसाला पुढची वाट दिसत नाही, म्हणून वरून नगारा बोलायचा. एक ठोका डावी मोगरी, दोन ठोके उजवी, लागोपाठ ठोके म्हणजे दोन्ही. नगाऱ्यावर हिरोबाचा थोरला लेक राणू. मोगरीवर धाकटा म्हसू.

पहिलं वळण साधलं. दुसरं साधलं. मग राणूच्या गळ्यात बाण लागला. नगारा थांबला, आणि म्हसूने वर पाहिलं. तेवढ्यात तिसरं वळण आलं. मोगरी वीतभर उशिरा पडली. बुरजाई आडवी झाली, पण कड्यावर आदळून फुटली. खिंड मिटली, आत कोंडलेली फौज शरण आली, आणि बुरजाईतले साठ अन् चाकाखालचा म्हसू, कोणी उरलं नाही.

"भावाच्या मायेपायी साठ जीव गेले," आप्पा इथे आवाज खाली आणतात. "म्हणून आजही मोगरीवाला वर बघत नाही. त्याची बहीण त्याच्या कपाळावर झापड बांधते, वरचं दिसू नये अन् नजर चाकावरून हलू नये म्हणून."

लहानपणी मी इथे रडायचे. म्हसूचा रागही यायचा.

गेल्या वर्षी भिवसन मोगरीवर असताना मागचा एक दोर तुटला. आम्ही शेकडो जण ओरडलो, "भिवसन, हट!" गाड्याच्या वरच्या मजल्यावर, नगाऱ्याच्या जागी, दहा वर्षांपासून स्पीकरच्या भिंती असतात. नगारा देवळात असतो, आरतीपुरता; मोगरी अंदाजाने लावतात. भिवसनला ऐकू गेलं नाही. झापडेमुळे दिसलंही नाही. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पंच म्हणाले, "बघितलं असेल त्याने वर."

या वर्षी मोगरीची चिठ्ठी माझ्या भावाची निघाली. सुकदेव एकोणीस वर्षांचा आहे.

आप्पांची हकिगत संपली, पाहुण्यांनी हात जोडले. सुकदेव माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. झापड माझ्या हातात होती.

"आप्पा," मी म्हटलं, "नगारा कशासाठी होता?"

"आत्ताच सांगितलं की. मोगरी कुठली लावायची, ते सांगायला."

"मग तो थांबल्यावर म्हसूने काय करायचं होतं?"

आप्पा पाहुण्यांकडे बघून हसले. "आमची नात. चार बुकं शिकली अन् बुरजाईला जाब विचारायला लागली."

"बुरजाईला नाही, तुम्हाला विचारते. नगारा बंद, पुढचं वळण दिसत नाही. त्याने वर बघितलं म्हणून तरी वळण दिसलं अन् मोगरी पडली. नसतं बघितलं तर पडलीच नसती."

"ए शहाणे," त्र्यंबक पंच पुढे आले, "नेम म्हणजे नेम. तुझा बाप झापड बांधून उतरला, हे तुझे आजोबा उतरले. त्यांनी कधी तोंड उघडलं नाही."

"त्यांच्या डोक्यावर नगारा वाजत होता, काका! नजर बांधली होती, पण कान तर होते. तुम्ही कान काढून घेतले अन् झापड तेवढी जपली."

"पोरी, ऊन चढतंय," दुसरे पंच म्हणाले. "लोक खोळंबलेत. बांध अन् मोकळी हो."

"ताई, बांध ना," सुकदेव हळूच म्हणाला. "सगळे बघतायत."

"बघू देत."

मी झापडेची घडी घातली आणि ती आप्पांच्या मांडीवर ठेवली.

"मी बांधणार नाही. माझ्याऐवजी चुलतबहीण शोधाल, तर तिलाही मी हेच सांगेन. स्पीकर उतरवा, नगारा वर चढवा, ठोके ओळखणारा माणूस त्याच्यामागे बसवा. ते होईपर्यंत माझा भाऊ चाकाशी वाकणार नाही. आणि गेल्या वर्षी भिवसनने वर बघितलं होतं, असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने त्याच्यासमोर म्हणावं. तो तिथे बसलाय."

भिवसन वडाच्या पाराला टेकून बसला होता. त्याने मान वर केली आणि एकेका पंचाकडे नीट बघितलं.

आप्पांचा हात झापडेवर होता, बोटं तिची घडी चाचपत होती. मग त्यांनी ती बाजूला ठेवली आणि मला म्हणाले, "पुन्हा सांग, नगाऱ्यापासून."